तोंड धुताना जाणारा तोल

"काका, पाय जुळवून उभे राहा. आता डोळे मिटा." डोळे मिटले मात्र, ते थेट माझ्या अंगावर कोसळले. आयुष्यभर मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून राबलेला, साठी ओलांडलेला कोकणातला माणूस. तक्रार एवढीच, "डॉक्टरसाहेब, सकाळी तोंडावर पाणी मारलं की पडायला होतं." पायांतून मधूनच वीज सळसळावी तशी कळ जायची. वात समजून तीन वर्षं तेल चोळून झालं होतं. चालताना ते पाऊल उंच उचलून दाणकन आपटत.

मी डोळ्यांत बॅटरी मारली, तर बाहुल्या जागच्या हलल्या नाहीत. बोट नाकाजवळ आणलं तेव्हा मात्र आकसल्या. तेव्हा मी नवखा डॉक्टर होतो; पुस्तकात वाचलेली ही खूण पहिल्यांदाच पाहत होतो. रोग होता उपदंश, लोक ज्याला गरमी म्हणतात तो. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त याला 'फिरंग रोग' म्हटलं आहे, आणि १५६३ साली गोव्यात छापलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात त्यावरच्या चोपचिनी या औषधी मुळीची चर्चा आहे. इतका जुना हा पाहुणा.

"तरुणपणी कधी जननेंद्रियावर जखम झाली होती?" मी विचारलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "झाली होती. पण दुखली नाही, आपोआप भरली." घात होतो तो इथेच. जखम औषधाविना काही आठवड्यांत भरते, मग अंगावर पुरळ येतं, तेही जातं. माणूस निर्धास्त होतो. जंतू मात्र शरीरातच असतो. उपचार न घेतलेल्या साधारण तिघांतल्या एकाला, दहा ते तीस वर्षांनी, तो गाठतो.

काहींच्या कातडीत, हाडांत, टाळूत गाठी होतात. टाळूला भोक पडतं, नाक बसतं. काहींच्या हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची भिंत सैल होऊन फुगते आणि झडप गळू लागते. जंतू मेंदूत शिरला तर विसराळूपणा आणि भ्रम येतो, शांत माणूस भलताच वागू लागतो. वेड्यांच्या इस्पितळात दगावलेल्या अशा रुग्णांच्या मेंदूत नोगुची आणि मूर या संशोधकांना १९१३ साली हा जंतू सापडला, तोवर अनेकांना हा मनाचाच आजार वाटे. काकांच्या बाबतीत पाठीच्या कण्यातल्या मागच्या बाजूच्या नसा गेल्या होत्या. पाय कुठे आहे, ही खबर त्याच मेंदूला देतात. ती बंद पडल्यावर काका डोळ्यांनी बघून तोल सांभाळत होते. डोळे मिटले की संपलं.

चौदा दिवस शिरेतून पेनिसिलिन दिलं. रोग थांबला, पण गेलेल्या नसा परतल्या नाहीत. काठी कायमची आली. काकूंचीही तपासणी केली. त्या निरोगी निघाल्या तेव्हा काका पहिल्यांदा रडले. "तेव्हाच दाखवलं असतं तर?" त्यांनी विचारलं. सुरुवातीला पेनिसिलिनच्या एकाच इंजेक्शनवर भागलं असतं. मी ते त्यांना खरं सांगितलं, आणि सांगताना मला फार जड गेलं.

उशिरा आलेल्या रुग्णात नेहमीची व्हीडीआरएल तपासणी कधी कधी निर्दोष दाखवते, म्हणून संशय असेल तर टीपीएचएही करायला सांगा. आणि जननेंद्रियावर न दुखणारी जखम येऊन गेली असेल, कितीही वर्षांपूर्वी, तर लाजू नका. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात.