मातीची फीत काढून बघा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पश्चिमेला मिचेल गवताची कुरणं मैलोन्‌मैल पसरली आहेत. झाडं तुरळक. खाली आपल्या काळ्या रेगूर मातीची जणू सख्खी बहीण: पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. तिची परीक्षा बोटांवरच सुरू होते. ओला गोळा अंगठ्यानं दाबत फीत काढायची. 75 मिलिमीटरहून लांब निघाली, की चिकणमाती मध्यम ते भारी. मग खड्डा. आत ढेकळांच्या बाजू एकमेकींवर घासून चकचकीत झालेल्या दिसतात. माती जागची हलते, त्याचा हा पुरावा. (अशा जमिनीत कुंपणाचे खांब उगाच कलत नाहीत!) किमान 35 टक्के चिकणकण, या घासखुणा आणि 5 मिलिमीटरच्या भेगा जमल्या, की तिथलं वर्गीकरण तिला 'व्हर्टोसोल' म्हणतं. रंग दुय्यम; करडी, तपकिरी, तांबडी मातीही याच गटात बसते.