तारतम्याचे गणित

रसायनशास्त्राची प्रारंभिक उदाहरणे सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शेजारी वर्षानुवर्षे बसल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, सूत्रांच्या पाठांतरापेक्षा, कोणता आकडा कशाचा आहे याचे भान अखेरपर्यंत राखण्याची सवयच या कामी अधिक फलदायी ठरते.

२७ अंश सेल्सिअसला ३ लिटर जागा व्यापणारा वायू, दाब कायम ठेवून, १२७ अंशांपर्यंत तापविल्यास त्याचे आकारमान किती होईल, असे विचारताच उतावळा विद्यार्थी १२७ला २७ने भागून मोकळा होतो. परंतु सेल्सिअसचे शून्य हे पाणी गोठण्याचे शून्य असून वायूचा नियम निरपेक्ष शून्यापासून मोजलेले तापमानच मानतो, हे ध्यानी घेऊन दोहोंत २७३ मिळविले की ३०० आणि ४०० केल्व्हिन हे प्रमाण हाती येते व उत्तर सरळ ४ लिटर निघते.

बंधांच्या उदाहरणांत खरी दक्षता जमाखर्चाची. हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्या प्रत्येकी एका मोलातील बंध तोडण्यास अनुक्रमे ४३६ व २४३, म्हणजे एकूण ६७९ किलोज्यूल खर्ची पडतात. हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल बंध जुळताना दर मोलास ४३१ प्रमाणे ८६२ जमा होतात. आणि शिल्लक राहिलेले १८३ किलोज्यूल उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. बंध तुटल्याने ऊर्जा मिळते हा विद्यार्थ्यांच्या मनातील दृढमूल समज, हा हिशेब स्वहस्ते मांडल्यावर जितका निखालस दूर होतो, तितका कोणत्याही व्याख्येने होत नाही.

अणुकेंद्राच्या गणितात कसोटी याहून सूक्ष्म. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांच्या सुट्या वस्तुमानांची बेरीज ४.०३१८८ अणुवस्तुमान एकक, तर त्यांपासून घडलेल्या हीलियमच्या केंद्राचे वस्तुमान ४.००१५१, ही ०.०३०३७ एककाची तफावत, आइन्स्टाइनने १९०५ साली मांडलेल्या समीकरणानुसार, २८.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेइतकी ठरते, जेथे हायड्रोजनच्या रेणूतील बंध केवळ साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा असतो. दोन्ही वस्तुमाने एकाच दशांशस्थळापर्यंत लिहिली तर ती ४.० अशी समान दिसतात आणि सूर्याला तेजस्वी ठेवणारी ही सारी ऊर्जा वजाबाकीत लुप्त होते.

वायूच्या आकारमानात पाच दशांशस्थळे लिहिणे व्यर्थ, केंद्राच्या वस्तुमानात ती गाळणे घातक. हे तारतम्य ज्याच्या अंगी बाणले, त्याचा रसायनशास्त्राचा पाया पक्का झाला असे मी निःशंकपणे म्हणेन.