अर्ध्या मिलिमीटरची खोली

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातील डेव्हिड व्हाइट कंपनीने 1947 साली ‘स्टिरिओ रिअलिस्ट’ हा कॅमेरा बाजारात आणला. रचना सीटन रॉचवाइट यांची. 70 मिलिमीटर अंतरावर दोन भिंगं आणि साध्या 35 मिलिमीटर फिल्मवर एका क्लिकमध्ये दोन चित्रं. मूकपटांचा विख्यात नट हॅरॉल्ड लॉइड याने स्टिरिओ छायाचित्रणाचा ध्यास घेतला आणि हजारो स्लाइड्स टिपल्या. आपल्याकडे अनेकांना दोन चित्रं मिळून भासणारी ही खोली ‘व्ह्यू-मास्टर’मुळे ठाऊक आहे. पण त्याच्या चकतीतल्या सात जोड्या तयारच मिळत. रिअलिस्टच्या जोड्या माउंटमध्ये, म्हणजे स्लाइडच्या चौकटीत, बसवाव्या लागत, आणि माझ्या मते कॅमेऱ्याइतकंच श्रेय या बसवण्याला आहे.

धुऊन आलेल्या फिल्मवर जोडीतली दोन चित्रं शेजारी नसतात. मध्ये दुसऱ्या जोड्यांची दोन चित्रं असतात. शिवाय भिंग प्रतिमा उलटी पाडतं. म्हणून पट्टी सुलटी धरली की डाव्या डोळ्याचं चित्र उजवीकडे दिसतं. कापून त्यांची अदलाबदल केली नाही, तर जवळचं दूर जातं आणि दूरचं जवळ येतं. माणसाचं नाक चेहऱ्यात आत शिरतं.

मग लाइटबॉक्स, भिंग, चिमटा आणि आडव्या रेघांची पारदर्शक पट्टी घेऊन खरं काम सुरू होतं. पहिली पाहायची ती उंची. डोळे आतल्या बाजूला सहज वळतात. पण एक वर आणि एक खाली, असे ते फारसे वळत नाहीत. घराच्या खिडकीचा कोपरा दोन्ही चित्रांत एकाच रेघेवर हवा. नंतर तिरपेपणा: डावीकडचा कोपरा जुळला आणि उजवीकडचा घसरला, तर एक तुकडा फिरलेला आहे. दीड मीटर रुंद पडद्यावर चित्र साठ-सत्तर पट मोठं होतं. माउंटमधली 0.2 मिलिमीटरची चूक तिथे सेंटिमीटरहून मोठी होते आणि प्रेक्षकांचं डोकं दुखू लागतं.

सर्वांत रंजक भाग आडव्या अंतराचा. माउंटच्या दोन चौकटी डोळ्यांना मिळून एकच चौकट दिसते. घरातल्या खिडकीसारखी, जिच्यापलीकडे दृश्य पसरलेलं असावं. रिअलिस्टमध्ये भिंगांपेक्षा फिल्मच्या चौकटींमधलं अंतर सव्वा मिलिमीटरने जास्त ठेवलेलं आहे, त्यामुळे ही खिडकी सुमारे दोन मीटरवर भासते. त्याहून जवळची फांदी चौकटीने कापली गेली, तर ती खिडकीच्या अलीकडे असूनही तिच्यामागे झाकल्यासारखी वाटते आणि मेंदू गोंधळतो. उपाय म्हणजे दोन्ही तुकडे किंचित दूर सरकवणं. दृश्य मागे जातं. पण फार सरकवलं की क्षितिजावरच्या डोंगरासाठी डोळ्यांना बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, आणि ते त्यांना जमत नाही. जवळची फांदी आणि दूरचा डोंगर दोन्ही सांभाळणारी जागा कधी सापडते, कधी सापडतच नाही. तेव्हा कडेने फांदी झाकणारी अरुंद चौकट वापरावी, किंवा ती स्लाइड सोडून द्यावी.

पुठ्ठ्याचे माउंट स्वस्त आणि झटपट; पण त्यांत तुकडा हलवायला फारशी जागा नसते. म्हणून मला धातूची चौकट आणि दोन्ही बाजूंना काच, हीच पद्धत पसंत आहे, जरी धूळ पुसण्यात वेळ जातो. एकाच डोळ्याला दिसणारा धुळीचा कण हवेत तरंगल्यासारखा भासतो, म्हणून ती पुसावीच लागते.

कोडॅक्रोम या स्लाइड फिल्मचं उत्पादन 2009 मध्ये थांबलं. पण अंधारात ठेवलेल्या जुन्या कोडॅक्रोम स्लाइड्सचे रंग बहुधा चांगले टिकलेले असतात. जुना पुठ्ठा जपून उघडून तेच तुकडे नव्या माउंटमध्ये नीट बसवले, तर पन्नासच्या दशकातली सपाट, डोळे शिणवणारी स्लाइडही पुन्हा खोल दिसू शकते.