गाणं शिकवून घर चालतं का?

गायक विष्णु दिगंबर हे गाडगिळांचे पलुस्कर झाले ते सांगली जिल्ह्यातल्या पलूस गावावरून. याच पलूसला आज जवाहर नवोदय विद्यालय आहे, आणि नवोदयमध्ये संगीत शिक्षकाचं स्वतंत्र, पूर्ण पगाराचं पद असतं. विष्णु दिगंबरांना हे कळतं तर बरं वाटलं असतं, कारण गाणं शिकवणं हा उघड, फी घेऊन करायचा पेशा त्यांनीच रुजवला.

कुरुंदवाडला 1872 मध्ये जन्म. फटाक्याच्या दारूनं डोळे भाजले, उपचारासाठी मिरजेला आणलं आणि तिथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम मिळाली. तेव्हाची रीत अशी की गुरूच्या घरी पडेल ते काम करायचं आणि बुवांची मर्जी होईल तेव्हा शिकायचं. 1896 मध्ये विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा वर्ग, वेळापत्रक, स्वरलिपीची पुस्तकं, परीक्षा आणि शिक्षक घडवणारा वेगळा उपदेशक वर्ग असं सगळं मांडलं. पैशाचं गणित मात्र कधीच बसलं नाही. मुंबईच्या शाळेची इमारत 1924 मध्ये कर्जापायी गेली. 1931 मध्ये मिरजेतच ते वारले, आणि शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं.

सातारा-सांगलीतले बरेच क्लास आजही या मंडळाच्या परीक्षांवर चालतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या, पुढे अलंकार. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे मुलं येतात. दहावी झाली की बरीचशी गळतातही. साध्या शाळांत संगीताची कायम जागा विरळाच. म्हणून सकाळी शाळेत तासिका, संध्याकाळी घरचा क्लास, मध्ये एखाद्या भजनी मंडळाला पेटीची साथ, अशी जोडाजोड करावी लागते. यात कमीपणा कसला?

नोकरीच हवी असेल तर नुसत्या विशारदवर विसंबू नका. केंद्रीय शाळांच्या जाहिरातीत पदवीची अट असू शकते, ती आधी वाचा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे. कानाची तयारी मात्र मैफलीतच होते. बाळकृष्णबुवांचे शिष्य अंतूबुवा जोशी यांनी 1940 मध्ये सुरू केलेला औंधचा संगीत महोत्सव सातारकरांना तर हाकेच्या अंतरावर आहे.

आणि पदवीची फी भरण्याआधी काही महिने प्रारंभिकच्या पोरांना शिकवून पाहा. तोच भूप पुन्हा पुन्हा सांगताना जीव वैतागत असेल, तर खुशाल गायक व्हा, मास्तर होऊ नका.