पाठीशी ऊन, समोर आभाळ
लेखमाला : वऱ्हाड कॅमेऱ्यातून (भाग ६)

अकोल्याहून अकोटकडे निघालं आणि शहर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर अडवील असं फारसं काही उरत नाही. पूर्णेचं खोरं सपाट. धुऱ्यावर बाभूळ, मध्येच एखादं कडुलिंबाचं झाड, विजेचे खांब आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. निसर्गाचे फोटो काढणारी मंडळी या पट्ट्यात थांबत नाहीत, थेट चिखलदरा गाठतात. एप्रिलच्या अखेरीपासून मृगापर्यंत मात्र त्यांचा हा हिशेब चुकतो. वादळ पाहायला डोंगर कामाचा नाही. सह्याद्रीत किंवा मेळघाटात ढगाचा अर्धा भाग कुठल्या तरी कड्याआड दडलेला असतो. वऱ्हाडच्या मैदानात तो पायापासून माथ्यापर्यंत दिसतो.

गणित सोपं आहे. वादळी ढगाचा माथा बारा किलोमीटर उंचीवर सहज जातो. असा ढग नरनाळ्याच्या डोंगरावर उभा राहिला तर अकोल्यापासून तो साठेक किलोमीटरवर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश आभाळ झाकते, आणि हा अख्खा ढग त्या मुठीहून जरासाच मोठा दिसतो. म्हणजे पन्नास ते पंच्याऐंशी मिलिमीटरच्या लेन्समध्ये त्याचा काळा पायथा, फुगलेलं पोट आणि ऐरणीसारखा पसरलेला माथा एका चौकटीत मावतो, शिवाय खाली चार वावरंही बसतात. तोच ढग दहा किलोमीटरवर आला की माथा पाहायला मान वर करावी लागते आणि चोवीस मिलिमीटरची लेन्स जेमतेम पुरते. वादळाच्या जवळ गेलं की फोटो चांगला येतो, ही समजूत इथे तरी सोडून द्यावी.

वेळेचं गणितही ठरलेलं आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या काळ्या जमिनीवरची हवा दुपारभर वर जात राहते, तिला समुद्राकडून आलेली ओल मिळाली की तीन-चारच्या सुमारास आभाळ भरू लागतं. या दिवसांत वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून बरीच वादळं पूर्वेकडे सरकतात. एकदा ती अंगावरून पुढे गेली आणि पश्चिमेला आभाळ थोडं फाटलं की संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच काळ्या ढगावर आणि त्याच्याखालच्या वावरांवर पडतं. पाठीशी ऊन, समोर आभाळ. हा उजेड दहा-पंधरा मिनिटं टिकतो, कधी तेवढाही नाही. वादळ येताना धावपळ करणारे बहुतेक जण ते जाताना कॅमेरा पिशवीत भरत असतात, आणि खरा फोटो तेव्हाच असतो. इंद्रधनुष्यही याच बाजूला उमटतं, कारण ते नेहमी सूर्याच्या समोर असतं आणि सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली आल्यावाचून सपाट जमिनीवरून दिसत नाही. लेन्सला पोलरायझर असेल तर तो हळूहळू फिरवून पाहावा. एका कोनात तो इंद्रधनुष्य ठळक करतो, दुसऱ्या कोनात पुसून टाकतो.

आता जमिनीकडे वळू, कारण वऱ्हाडात कॅमेरा फसतो तो तिथेच. कॅमेऱ्याचं मीटर जगाला मध्यम करडं धरून चालतं. सुमारे अठरा टक्के उजेड परत फेकणारा करडा रंग, असा जुना ठोकताळा आहे. पावसाने भिजलेली काळी जमीन त्याच्या निम्म्याच्याही आसपास उजेड परत करत नाही. चौकटीत दोन तृतीयांश ओलं वावर असलं की मीटरला वाटतं अंधार झाला, आणि ते उजेड वाढवून देतं. परिणाम असा की वावर मातकट तपकिरी होतं आणि ढगांच्या कडा पांढऱ्याफटक जळतात. उपाय साधा आहे. एक्स्पोजर एक पायरी खाली ओढावं, हिस्टोग्रामची उजवी कड भिंतीला टेकू देऊ नये आणि फाइल रॉ स्वरूपात ठेवावी. सावलीतला तपशील नंतर वर काढता येतो, जळालेला ढग कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

मोबाइलची गोष्ट वेगळी. तो एका दाबात अनेक चित्रं टिपून आपणच जुळवतो, सावल्या उजळतो, आभाळ दाबतो, आणि वादळाचा दबदबा नाहीसा करून हाती गुळगुळीत चित्र देतो. शक्य असेल तिथे त्याचं एचडीआर बंद करावं, ढगाच्या उजळ कडेवर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढावी. एवढ्याने निम्मा फरक पडतो.

विजेच्या फोटोबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. शटर जितकं वेगवान तितकी वीज चांगली पकडली जाते, असं अनेकांना वाटतं. विजेचा एकेक झोत सेकंदाच्या इतक्या लहान भागात संपतो की कुठलंही शटर त्याच्यापुढे मंदच. फोटोत वीज किती उजळ येणार हे ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटर किती वेळ उघडं राहिलं यावर जमीन आणि गावातले दिवे किती उजळतील एवढंच ठरतं. म्हणून रात्री तिवई, फोकस हाताने दूरवर नेऊन पक्का केलेला, आयएसओ १०० किंवा २००, एफ ८ आणि पंधरा-वीस सेकंदांचं शटर लागोपाठ उघडत राहायचं. वीज फार दूर असेल तर एफ ४ पर्यंत यावं. मेघगर्जना साधारण पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही, त्यामुळे दर्यापूरच्या बाजूने सातपुड्यावरची वीज पाहणाऱ्याला सगळा तमाशा मुका दिसतो. विजेच्या फोटोंसाठी वऱ्हाडात यापेक्षा चांगली जागा नाही. दिवसाउजेडी मोबाइलवर मात्र फोटोच्या मागे लागू नये. फोरके व्हिडिओ काढून त्यातली चौकट उचलावी. ती सुमारे आठ मेगापिक्सेलची असते आणि बारा इंच रुंदीची छपाई सहज पेलते. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, म्हणून काही चौकटी अर्ध्या उजळ अर्ध्या काळ्या निघतात. त्या सोडून द्याव्यात.

ही वीज दुरूनच पाहायची आहे, हे पुन्हा सांगायला हवं. लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजावेत, तिनाने भागावेत, किलोमीटर निघतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर तिवई आहे तिथे सोडून बंद गाडीत बसावं. मोटारसायकल चालत नाही, झाड तर नाहीच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं, नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र पुढच्या काही तासांचे इशारे देतं. दोन्ही फुकट आहेत. नुसत्या वाऱ्याचंही भय कमी नसतं. ९ एप्रिल २०२३ ला बाळापूर तालुक्यातल्या पारस इथे बाबूजी महाराज मंदिराच्या आवारातलं जुनं कडुलिंबाचं झाड वादळाने टिनाच्या शेडवर कोसळलं. शेडखाली थांबलेल्यांपैकी सात जण दगावले. आडोशाला झाड आणि टिन निवडू नये, हे त्या संध्याकाळनंतर अकोला जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

बाकीच्या अडचणी इथल्या मातीच्या. पावसाआधी वावधन सुटतं तेव्हा उडणारी बारीक धूळ कॅमेऱ्याला पावसापेक्षा वाईट, त्या वेळी लेन्स बदलू नये. आणि पाऊस पडून गेल्यावर पांदणीत गाडी घालू नये. काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते की गाडी ढकलतही नेता येत नाही. डांबरी रस्त्यावर गाडी लावून पायी गेलेलं बरं, चपलांना शेरभर माती चिकटली तरी.

आता संपादन. समजा, दर्यापूर-अकोट रस्त्यावरून उत्तरेकडे तोंड करून एक फोटो काढला आहे. काळ मे अखेरचा. खाली वखरून ठेवलेलं वावर, मध्ये धुऱ्यावरची एकच बाभूळ, मागे सातपुडा आणि त्याच्यावर उतरलेली पावसाची करडी सर. ऊन डावीकडून, म्हणजे पश्चिमेकडून. लाइटरूममध्ये किंवा स्नॅपसीडमध्ये फाइल उघडल्यावर बहुतेकांचा हात पहिल्यांदा आभाळाकडे जातो. डीहेझ ओढलं, क्लॅरिटी ओढली, ढग जांभळे झाले, कडांना पांढरी झालर आली. नवशिक्यांच्या वादळी फोटोंपैकी निम्मे इथेच संपतात.

त्याऐवजी आधी क्षितिज सरळ करावं. पूर्णेच्या खोऱ्यात अर्ध्या अंशाचा तिरपेपणाही झाकत नाही. मग व्हाइट बॅलन्स. कॅमेरा आपणहून ढगाचा निळेपणा घालवायला बघतो आणि ऊन फिकट करतो. त्याला ‘डेलाइट’वर आणलं की निळा निळा राहतो, पिवळं ऊन पिवळं राहतं. हायलाइट्स थोडे खाली. त्यानंतरचा सगळा वेळ वावरावर घालवावा. फक्त जमिनीचा मास्क करून काळ्याची पट्टी इतकीच ठेवावी की तासातली ढेकळं वेगळी दिसतील, पण माती करडी होणार नाही. डावीकडून येणारं ऊन ज्या ढेकळांच्या माथ्यावर पडलंय तेवढ्यांना ब्रशने पाव पायरी उजेड द्यावा. बाभळीला हात लावू नये, ती काळीच शोभते. आभाळाला शेवटी थोडा कॉन्ट्रास्ट, आणि सरीच्या रेषा दिसतील एवढंच डीहेझ, फक्त त्या सरीपुरतं. वावर नीट झालं की आभाळ आपोआप जड दिसू लागतं. विजेच्या तारा पुसायच्या की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र वऱ्हाडच्या शिवारात त्या आहेतच, आणि पुसल्या तर बाभूळ पोरकी वाटते.

अशी हातचलाखी संगणकाने आणलेली नाही. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सल ॲडम्स याने १ नोव्हेंबर १९४१ ला न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला आणि पुढची कित्येक वर्षं त्याचे प्रिंट काढताना आभाळ अधिकाधिक काळं करत नेलं. त्याच्याही आधी, १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका काचेवर आणि ढग दुसऱ्या काचेवर टिपून एकत्र छापत असे. त्या वेळच्या काचा निळ्या रंगाला फार संवेदनशील होत्या, समुद्र नीट यावा इतका उजेड दिला की आभाळ कोरं पडे. ल ग्रेला तसं करण्यावाचून इलाज नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आभाळ बदलायची सोय आली, तिला ही सबब नाही.

राजस्थानातल्या १९८३ च्या धुळीच्या वादळात एकमेकींना बिलगलेल्या बायकांचा स्टीव्ह मॅकरीचा फोटो जगभर गाजला. त्याच मॅकरीच्या इतर काही फोटोंत माणसं आणि वस्तू पुसल्याचं २०१६ मध्ये उघड झालं आणि मोठा गदारोळ उठला. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने तर २०१५ मध्ये शेवटून दुसऱ्या फेरीतल्या वीस टक्के प्रवेशिका फेरफारापायी बाद केल्या होत्या. बातमीचे नियम भिंतीवर लावायच्या चित्राला लागू नाहीत, हे खरं. तरी शेतीच्या मुलखात एक अडचण उरते. इथला फोटो आपली तारीख अंगावर घेऊन येतो. भेगाळलेलं वावर म्हणजे मे. सरत्याने पेरलेली पऱ्हाटी दोन पानांवर आली म्हणजे मृग होऊन गेला. सोयाबीन पिवळं पडलं असेल तर तो सप्टेंबरअखेरचा परतीचा पाऊस, आणि मोर्शी-वरूडच्या बागेत झाडाखाली गारांनी संत्र्यांचा सडा पडला असेल तर फेब्रुवारी-मार्च, जसा २०१४ मध्ये होता. मे महिन्याच्या वावरावर जुलैचं आभाळ बसवलं, किंवा सॅच्युरेशनने धुऱ्यावरचं वाळलं गवत हिरवं केलं, तर पुण्या-मुंबईतल्या कुणाला पत्ता लागणार नाही. अंजनगावातला कुठलाही शेतकरी मात्र चित्र हातात घेताच हसेल.

त्याच्या वावरात उभं राहून फोटो काढायचा असेल तर आधी विचारावं. गारपिटीनंतर कॅमेरा घेऊन धुऱ्यावर दिसलेल्या माणसाला, ‘काय भाऊ, पंचनाम्यावाले का तुमी?’ असा प्रश्न हमखास येतो. उत्तर खरं द्यावं, आणि मागितले तर फोटो द्यावेत, मूळ फाइलसकट. पीक विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याचा नियम इथे अनेकांना तोंडपाठ आहे. अशा दाव्याला ढगांचा दिमाख उपयोगाचा नाही. वेळ, ठिकाण आणि आडवं पडलेलं पीक यांची न छेडलेली नोंद लागते. म्हणून अशा दिवशी मोबाइलमधलं लोकेशन चालू ठेवावं, आणि संपादन करायचं ते नेहमी प्रतीवर करावं. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि ही माहिती गळते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर शाबूत राहते.

पुढच्या भागात : चिखलदऱ्याचं जुलैमधलं धुकं, आणि त्यात कॅमेऱ्याचा ऑटोफोकस का गोंधळतो.