परदेशी मिशनवर निघालेले लोक घरच्यांचा निरोप कसा घ्यायचे? आणि आज निघताना काय ठरवून ठेवावं?

पुण्याकडून मुंबई विमानतळाला निघालेली गाडी खालापूरच्या टोलनाक्यावर आली, की मागे बसलेली आई हमखास विचारते, "पोचल्यावर फोन करशील ना?" जवळपास दोनशे वर्षांपूर्वी मुंबईहून पुणे-अहमदनगरकडे जायची वाटही याच भागातून होती. पनवेल, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट. घाटावर जाणाऱ्यांमध्ये अमेरिकेतून आलेले ख्रिस्ती मिशनरीही असत. ते सुखरूप पोचल्याची बातमी घरच्यांना मिळायला कित्येक महिने लागत.

कोण होते हे लोक?

फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून मिशनऱ्यांची एक तुकडी दोन जहाजांनी भारताकडे निघाली. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ऑगस्टमध्ये कलकत्त्याला पोचले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडायला सांगितलं. तिथून निसटून ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले. पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणून ओळखलं गेलेलं काम इथून सुरू झालं. १८३१ मध्ये त्यांचं केंद्र अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) उघडलं.

पहिली तयारी : होकार

त्या काळी असं जाणं म्हणजे बहुतेक वेळा कायमचं जाणं. म्हणून सामानाच्या आधी घरच्यांचा होकार लागायचा. या तुकडीतल्या अ‍ॅडोनिराम जडसन यांनी होणाऱ्या सासऱ्यांना पत्र लिहून सरळ विचारलं होतं, की मुलगी या जन्मात पुन्हा दिसणार नाही, हे तुम्हाला चालेल का? समुद्र, आजारपण, मृत्यू, सगळं त्यांनी आधीच सांगून टाकलं. गोड बोलून होकार मिळवला नाही.

हॅरिएट न्यूवेल यांचे वडील वारलेले होते. त्यामुळे निर्णय आईवर आला. आईने परवानगी दिली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये हॅरिएट गेल्या. वय १९. त्यांचं तान्हं बाळ आधीच दगावलं होतं.

मुलांचं काय?

हा प्रश्न मात्र निघताना कुणी नीट सोडवला नव्हता. इथल्या हवेत मुलं वारंवार आजारी पडत. १८२५ मध्ये हॉल यांच्या पत्नी मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. हॉल कामासाठी मागे राहिले. प्रवासात एक मुलगा दगावला. मार्च १८२६ मध्ये नाशिक भागातल्या दौऱ्यात हॉल यांना कॉलरा झाला आणि तेही गेले. नवरा एका खंडात, बायको दुसऱ्या, आणि मधे महिनोन्‌महिने पत्रांची वाट.

एकटीने जायचं असेल तर?

१८२७ च्या उन्हाळ्यात सिंथिया फरार बॉस्टनहून निघाल्या आणि डिसेंबरअखेर मुंबईत पोचल्या. त्या अविवाहित होत्या आणि इथल्या मुलींच्या शाळा पाहण्यासाठी त्यांना पाठवलं होतं. सावित्रीबाई फुल्यांनी नगरला ज्यांच्याकडे शिकवण्याचे धडे घेतले, त्या याच फरारबाई. त्या मधे एकदा मायदेशी जाऊन परत आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

आज काय बदललं?

आज खोपोली-कर्जतमधून कुणी मिशनवर परदेशी गेलं, तर व्हिडिओ कॉल लगेच लागतो आणि विमानाने एका दिवसात परत येता येतं. शिवाय बहुतेक वेळा मुदत ठरलेली असते. धार्मिक कामासाठीचा अमेरिकेचा आर-१ व्हिसा पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० महिन्यांचा आणि एकूण ५ वर्षांपर्यंतचा असतो. ब्रिटनचा 'रिलिजस वर्कर' व्हिसा २४ महिन्यांपर्यंत मिळतो. आर-१ वर जोडीदार आणि मुलं सोबत जाऊ शकतात, पण जोडीदाराला तिथे नोकरी करता येत नाही. म्हणजे दोन पगारांचं घर एका मानधनावर येतं. हा हिशेब निघण्याआधी मांडायला हवा.

निघण्यापूर्वी काय करून ठेवावं?

• मुखत्यारपत्र : बँक, घर, सातबारा यांची कामं कोण पाहणार, ते लिहून द्या. लक्षात ठेवा, देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपतं.

• मृत्युपत्र : दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते नसेल तर ख्रिस्ती व्यक्तीला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. मुलं असतील तर जोडीदाराला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश वाटा मिळतो. जोडीदार किंवा मुलं नसतील आणि वडील हयात असतील, तर सगळं वडिलांना जातं, आईला काहीच नाही. आधी केलेलं मृत्युपत्र लग्नानंतर रद्द होतं, हेही ध्यानात असू द्या.

• बँक खातं : नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी जात असाल तर इथलं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं.

• लस : आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशात जायचं असेल, तर किमान १० दिवस आधी लस घ्या. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. प्रमाणपत्र नसेल तर परत येताना ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

• आईवडील : दवाखान्यात नेणारा माणूस कोण, खर्च कुठून, हे नावानिशी ठरवा. "सगळे आहेत ना" म्हटलं की वेळेला कुणीच नसतं.

सगळ्यात अवघड प्रश्न

कुठल्या बातमीवर परत यायचं? आई आजारी पडली तर? की फक्त शेवटचं? तिकिटाचे पैसे संस्था देणार की आपण? हे बोलायला जीभ वळत नाही, म्हणून बहुतेक घरांत ते राहूनच जातं. मग ऐन वेळी जाणाऱ्याला वाटतं, घरचे आपल्याला अडवतायत. घरच्यांना वाटतं, याला आपली किंमत नाही.

जडसन यांच्या पत्रातून घ्यावं ते एवढंच. वाईटात वाईट काय होऊ शकतं, ते होकार मागतानाच सांगावं. मागे राहणाऱ्याला "नाही" म्हणायची मोकळीक असेल, तरच त्याच्या "हो"ला अर्थ असतो.