इनामगावचे रांजण काय सांगतात?

1950-51मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी प्रवरेकाठच्या जोर्वे येथे उत्खनन केले, तेव्हा मान होता तो खापरांना. लाल अंगावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांवरून ओळखल्या गेलेल्या संस्कृतीला या गावाचेच नाव मिळाले. नंतर नेवाशाला घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले कुंभ निघाले, आत लहान मुलांची हाडे. पण दफनाकडे समाजाचा पुरावा म्हणून बघण्याची नजर खरी मुरली ती 1968 ते 1983 या काळात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने इनामगाव खोदले तेव्हा. या वाटचालीचा हिशेब मांडताना मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. दफनाचा विधी ही जिवंतांनी केलेली मांडणी असते. मेलेल्याची स्वतःची हकिकत त्याच्या हाडांत असते.

सर्वांत गाजलेला पुरावा घ्या. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा मोठा रांजण निघाला. आत चाळिशीतला एक पुरुष बसवलेला. इतर प्रौढांना उताणे निजवून घोट्याखाली पाय तोडून पुरत. याचे पाय मात्र शाबूत. शेजारी धान्याचे कोठार. म. के. ढवळीकरांनी यावरून तो गावचा प्रमुख असावा, असे अनुमान काढले. एका रांजणावरून गावगाडा उभा करायचा का, ही शंका रास्तच आहे. पण घराचा आकार, कोठार आणि वेगळा विधी हे तिन्ही धागे एकाच ठिकाणी येतात, म्हणून प्रतिष्ठेचे अनुमान टिकते. सत्ता वंशपरंपरेने चालत होती की नाही, हे मात्र त्यातून निघत नाही. भूत परत येऊ नये म्हणून पाय तोडत, हे स्पष्टीकरण तर पुष्कळदा जणू सिद्ध झाल्यासारखे सांगितले जाते. ते फक्त शक्य आहे.

दातांचे तसे नाही. दुधाच्या दाताचे कवच गर्भात आणि पहिल्या वर्षात घडते. त्या काळात उपासमार किंवा दुखणे आले, तर कवचात खोट राहते, आणि ती नंतर भरून येत नाही. सुभाष वाळिंबे, जॉन लुकाच यांच्या अभ्यासाने ही साक्ष वाचायला घेतली. मुलांचीच दफने जास्त म्हणजे सगळी बालमृत्यूचीच गोष्ट, असेही नव्हे; प्रौढांना गावाबाहेर पुरले असेल, तर घराखालची शिरगणती फसवी ठरते. पण त्या मुलांची वाढ कशी झाली, हे हाडांवर मोजता येते. अवर्षणाने या वस्तीला उतरती कळा लागली, ही ढवळीकरांनी मांडलेली कथा पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011च्या पुस्तकात तपासून पाहिली, तीही याच बालकांच्या सांगाड्यांच्या आधारे.